उजवं बाइंडिंग सुटलंच नाही

१

आसाहिना सर पडले, तेव्हा आधी सगळे हसलेच.

हसण्यासारखंच होतं म्हणा. कागेसावाचा उतार अजून लोकांना खुला झाला नव्हता. मोसमातला पहिला ओला बर्फ पडला होता, आणि शाळेची पोरं आणायच्या आधी आपण एकदा उतरून बघावं म्हणून सर एकटेच वर गेले होते. सगळा कडा झोकात उतरून आले आणि अगदी तळाशी, जिथं शेंबडं पोरही पडत नाही अशा सपाटीवर, वळता वळता बदकन बसले. खाली चहाचे पेले धरून उभी असलेली मंडळी खो खो हसली. मग सरांची किंकाळी आली आणि हसू जागच्या जागी गोठलं.

किनुयो कुवाहारा सगळ्यांच्या आधी पोचली. तिचा स्वतःचा गुडघा लाकडासारखा ताठ झालेला, पण उतारावरच्या बचाव पथकाची प्रमुख म्हणून तिचा जन्म गेला होता. निवृत्ती कागदावर झाली होती, पायांना कुणी कळवलंच नव्हतं.

"हलू नका सर. कुठं दुखतंय?"

"गुडघा! मावशी, आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला हो!"

डावी स्की पायातून सुटून हातभर लांब पडली होती, जशी पडायला हवी. उजवी मात्र बुटाला घट्ट चिकटून राहिली होती. पाय एकीकडे, स्की दुसरीकडे आणि मधल्या मधे बिचारा गुडघा पिळवटून निघाला होता.

बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगची कामं दोनच. उतरताना बूट धरून ठेवायचा आणि पडताना सोडून द्यायचा. म्हणून तर दर नोव्हेंबरात प्रत्येक दुकानदार एकूण एक बाइंडिंग उघडून, पुसून, ग्रीस भरून, पिळून बघतो. किनुयोनं स्कीवरचं नाव वाचलं. मोमोसे स्की. या दुकानातली बाइंडिंगं तपासतो इवाओ करासावा, आणि इवाओच्या हातून गेलेलं बाइंडिंग पडताना सुटलं नाही, असं किनुयोनं आजवर ऐकलं नव्हतं.

सरांना खाली नेलं, तरी ती त्या उजव्या स्कीकडे बघत तशीच उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं हे खरं, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त तिला कुतूहल वाटत होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मोमोसे स्कीच्या मागच्या खोलीत चौघं जण जमले. दुकानाची मालकीण तोकिए मोमोसे, तिचा मुलगा नोबुहिको, मिस्त्री इवाओ आणि कुणी बोलावलं नसताना आलेली किनुयो.

"बोलावलं नव्हतं, पण आलात ते बरं झालं," तोकिए म्हणाली. नवऱ्याच्या मागं तिनं एकटीनं दुकान सांभाळलं होतं, आणि काळजी वाटली की तिचा आवाज चढायचा. आज तो छताला लागला होता. "शुक्रवारी मुख्याध्यापक येतायत. काय झालं ते सांगता आलं नाही, तर शाळेची पोरं आपल्या स्की घालणार नाहीत. आणि पोरं गेली की पोरांचे आईबापही गेले!"

इवाओ हात मागं बांधून भिंतीपाशी उभा होता. "मी हात लावत नाही. उद्या म्हणाल, त्यानंच काहीतरी केलं."

मग नोबुहिकोनं सरांचा बूट त्या जोडीत अडकवला आणि पीळ मोजायची दांडी लावली. डावं बाइंडिंग पिळलं. खट्. जिथं सुटायचं तिथं सुटलं. उजवं पिळलं. काटा ठरलेल्या आकड्यापाशी आला, ओलांडून गेला, आणखी पुढं गेला. नोबुहिकोचं तोंड लालबुंद झालं, पण बाइंडिंग ढिम्म.

"म्हणजे कुणीतरी स्प्रिंग आवळली," तोकिए म्हणाली.

"थांबा." किनुयोनं चष्मा लावला. तपासून झालं की स्प्रिंगच्या स्क्रूवर, त्याचं डोकं आणि बाजूचं घर दोन्हींना शिवेल असा लाल लाखेचा एक ठिपका द्यायची इवाओची जुनी खोड. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका तडकतो. हा ठिपका अखंड होता आणि बाइंडिंगवरच्या चिमुकल्या खिडकीतला स्प्रिंगचा आकडाही बरोबर होता.

"स्क्रूला कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"मग सरळच आहे की," नोबुहिको म्हणाला. "तपासलंच नाही. ठिपका दिला आणि ठेवून दिलं."

तोकिए स्कीवर वाकली होती. ती एकदम थबकली, आणखी वाकली आणि तिनं नाकानं श्वास ओढला.

"नोबु, वास घे रे. साके आहे ही."

एके काळी इवाओ दारू इतकी प्यायचा की बायको लहानग्या लेकीला घेऊन निघून गेली होती. मग त्यानं सोडली, आणि सोडली ती सोडलीच. हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

तोकिए त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "इवाओसान, जरा तोंड उघडा."

पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून 'हा' केलं.

३

वास आला तो तेलाचा आणि मुळ्याच्या लोणच्याचा. पण तेवढ्यानं काय होतंय? आज प्यायला नसेल, तपासताना प्याला असेल, असं ज्याचं त्यानं मनाशी म्हणून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या तिन्ही गरम कुंडांत हाच विषय उकळत होता.

किनुयो मात्र निराळाच हिशोब मांडत होती. तिनं नोबुहिकोला कामाला लावून मांडणीवरच्या बाकीच्या जोड्या पिळायला लावल्या. खट्, खट्, खट्. एकूण एक बरोबर सुटल्या.

"बघ बाबा," ती म्हणाली. "मिस्त्री पिऊन काम करत असता, तर एकच जोडी बिघडली असती होय? आणि इतक्या जोड्यांमधून नेमकी तीच सरांच्या पायात कशी गेली?"

"मी दिली सरांना," नोबुहिको म्हणाला. "आमच्याकडची सगळ्यांत चांगली जोडी म्हणून दिली. आता मलाच धरा!"

"सगळ्या सारख्याच तर दिसतात."

"चांगली होती हो मावशी, म्हणून दिली. उलटतपासणी कसली करताय?"

किनुयोनं ती जोडी खिडकीपाशी नेली. उजव्या बाइंडिंगच्या सांध्यांत पांढरी पापडी धरली होती. तिनं बोट लावून सरळ जिभेवर ठेवलं.

"ईऽऽ!" तोकिए ओरडली.

"मीठ आहे."

"रस्त्यावरचं असेल. बर्फ वितळायला टाकतात ते."

"ते कडूजहर असतं. पथकात असताना तोंडात किती गेलंय, मला विचारा. हे जेवणातलं मीठ आहे. तोकिएसान, तपासणी झाल्यावर ही जोडी कुणी बाहेर नेली होती?"

"कुणीही नाही! मोसम सुरू व्हायच्या आधी दुकानातून एकही जोडी बाहेर जात नाही. देवाशपथ!"

"नोबुहिको?"

"कुणाला भाड्यानं दिली नाही, कुणाला उसनी दिली नाही. शपथ घेऊ?"

दोघांच्याही डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. किनुयोला माणसं वाचता यायची. बर्फाखालून काढलेला माणूस 'मी बरा आहे' म्हणतो तेव्हा तो बरा आहे की नाही, हे तिला डोळ्यांवरून कळायचं. ही दोघं खरं बोलत होती. आणि तरीही बाइंडिंगवर मीठ आणि साके होती. पाणी कुठंतरी मुरत होतं खास.

"दुकान रिकामं कधी होतं?" तिनं विचारलं.

"रिकामं?" तोकिए विचारात पडली. "डोंगरदेवाच्या पूजेच्या दिवशी तेवढं. गेल्या आठवड्यात. सगळं गावच देवळात होतं, तुम्हीही होतात."

"मी होते, तू होतीस, नोबुहिको होता," किनुयो बोटं मोजत म्हणाली, आणि तिचं बोट हवेतच थांबलं. "इवाओ कुठं होता?"

४

इवाओ घरी कोतात्सूत, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या उबेत, पाय घालून बसला होता. समोर लहान मुलाच्या स्कीची एक इवलीशी जोडी होती आणि तो ती फडक्यानं पुसत होता. पुसण्यासारखं तिच्यावर काही उरलं नव्हतं.

"कुणासाठी रे?" किनुयोनं विचारलं.

"नातवासाठी. रिकु नाव त्याचं." तो फडक्याकडे बघत बोलला. "चिनात्सु त्याला घेऊन येणाराय, उतार उघडेल त्या दिवशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोनवर म्हणाली, बाबा, त्याला तुम्हीच शिकवा." त्यानं फडकं खाली ठेवलं. "आता गावात पाय ठेवल्या ठेवल्या कुणीतरी सांगेलच तिला. ती आल्या पावली परत जाईल, आणि मी तिला दोषही देणार नाही."

किनुयोनं ती इवली जोडी हलकेच बाजूला सरकवली. पण विचारायचं ते तिनं विचारलंच. "पूजेच्या दिवशी कुठं होतास?"

"गावाबाहेर."

"गावाबाहेर म्हणजे कुठं?"

"ते नाही सांगणार."

"अरे, सगळं गाव देवळात, दुकान उघडं, आणि तू एकटा गायब! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायतच की."

"युमोतोला पूजेच्या आदल्या दिवशी दुकानाच्या मागच्या दाराशी बघितलंय म्हणे कुणीतरी. तुझ्याशी बोलत होता."

दोरवाहिनीच्या पायथ्याशी नवं, काचेचं, चकाचक भाड्याचं दुकान टाकलेला दाइगो युमोतो. शाळेची पोरं आपल्याकडे यावीत म्हणून तो केव्हापासून टपून बसला होता. त्याचं नाव निघताच इवाओचा चेहरा बंद दारासारखा झाला. "तेही नाही सांगणार," तो म्हणाला.

किनुयो उठली. दारात बूट घालताना इवाओ मागून म्हणाला, "मावशी, तुम्हाला तरी वाटतं का, मी प्यालो असेन?"

"वाटत असतं तर इथं आले असते होय मी? जिथं उत्तर ठाऊक असतं तिथं मी पायपीट करत नाही, हा गुडघा नाही म्हणतो."

ती थेट युमोतोकडे गेली. तो काउंटरमागं हसत उभा होता. काहीही झालं तरी हसायची सवय त्याला शहरात लागली होती.

"या, या! मला संशयित धरायला आलात ना? बघा, पूजेला मी पहिल्या रांगेत. यंदाचा मान मोमोसेंचा होता, आमची पाळी अजून दोन वर्षांनी, म्हणून तोंड वाकडं करून उभा होतो. कुणालाही विचारा."

"त्याच्या आदल्या दिवशी मोमोसेंच्या मागच्या दाराशी काय करत होतास?"

हसू जरासं ओशाळलं. "सांगू? इवाओसानना आमच्याकडे या म्हणत होतो. बक्कळ पगार देतो म्हटलं. असा मिस्त्री अख्ख्या डोंगरात नाही. तर म्हणाले, नवरा गेल्यावर त्या बाईनं मला दारुड्याला कामावर ठेवलं, आता मी तिला सोडू होय? आणि हे तिला कळू देऊ नका म्हणाले, उगाच जीवाला घोर." युमोतोनं खांदे उडवले. "मला पोरं हवीत, नाही कशाला म्हणू? पण गुडघे मोडून नकोत."

किनुयो बाहेर पडली. एक संशयित गळाला होता, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता तो माणूस आणखीच चांगला निघाला होता. गुंता मात्र जिथल्या तिथं होता.

५

दवाखान्यात आसाहिना सर पाय उंच टांगून पडले होते. किनुयोनं भोपळा भरलेल्या गरम ओयाकी नेल्या होत्या. तोंडात घास असला की माणसं खरं बोलतात, असं तिचं मत होतं.

"सर, ती जोडी तुम्ही निवडलीत की तुम्हाला दिली?"

"दिली. मी तर मांडणीवरची जवळची घेत होतो. नोबुहिको म्हणाला, ती नको, ही घ्या. आणि गंमत म्हणजे दोन्ही हातांनी दिली, जरा वाकून. भाड्याची स्की कुणी दोन्ही हातांनी देतं का? मी म्हटलं, चला, शिक्षकाचा मान ठेवतोय पोरगा."

किनुयोचा घास तोंडातच राहिला. "दोन्ही हातांनी?"

"हो. आणि म्हणाला, पहिली रेघ हिचीच उमटू दे."

"उतरताना सुरुवातीला काही वेगळं जाणवलं?"

"नाही. वर असताना एकदा मी स्की काढून घातलीही होती, छान सुटली. मग ओल्या बर्फातून खाली आलो आणि..." सरांनी गुडघ्याकडे बघितलं. "मावशी, मी इवाओसानवर रागावलेलो नाही. पण मुख्याध्यापक विचारतील, पोरांना पाठवू का? मी काय सांगू? मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचाय. कारण तर द्या."

वर सुटत होतं आणि खाली सुटेना. किनुयो दुकानात परतली तेव्हा तिच्या डोक्यात हेच घोळत होतं. मधल्या वेळात काय बदललं? बाइंडिंग भिजलं, एवढंच.

तिनं ती स्की पुन्हा बाकावर घेतली. बुटाच्या चवड्याखाली एक सरकती पट्टी असते. पाय मुरगळला की ती बुटाबरोबर बाजूला सरकते, मग बूट सुटतो. किनुयोनं ती अंगठ्यानं ढकलली. डाव्या स्कीची पट्टी सुळकन सरकली. उजवीची जागची हलेना. तिनं केसांतली पिन काढली आणि पट्टीखालच्या फटीत घालून हळूच टोकरलं. चिकट, पांढरा लगदा निघाला. आणि लगद्याच्या टोकाशी, अर्धा चुरडलेला, फुगलेला, एक दाणा.

"तांदूळ!" तोकिए म्हणाली, आणि गर्रकन मुलाकडे वळली. "नोबु! किती वेळा सांगितलं, बाकावर बसून भाताचे गोळे खात जाऊ नकोस!"

६

"मी खाल्ला नाही! शपथ!" नोबुहिको रडकुंडीला आला.

"नाही खाल्ला त्यानं," किनुयो म्हणाली. तिनं दाणा नखानं चिरला. "मधे अजून कडक आहे, बघ. शिजलेला भात वाळला की काचेसारखा होतो, असा खडूसारखा नाही राहत. हा कच्चा तांदूळ आहे. आत कोरडाच गेला, तेव्हा कुणाला जाणवला नाही. ओल्या बर्फात भिजला, फुगला, बुटाखाली भरडला गेला आणि त्याची खळ झाली. आमची आजी दारांना कागद चिकटवायची ती याच खळीनं. चिकटली की चिकटली."

"पण कच्चा तांदूळ दुकानात येईल कुठून? उंदीर?"

"उंदीर तांदूळ आणेल. मीठ आणि साके आणेल का?"

हे बोलता बोलता तिनं तीन बोटं मोजली.

कच्चा तांदूळ, मीठ आणि साके. तिघं एकत्र भेटतात ती जागा कागेसावात एकच होती, आणि ती स्वतः तिथं उभी होती! सगळं गाव उभं होतं! पहिल्या रांगेत युमोतो तोंड वाकडं करून उभा होता, यंदाचा मान मोमोसेंचा म्हणून. कसला मान? नोबुहिकोनं जोडी दोन्ही हातांनी का दिली? पहिली रेघ हिचीच का?

किनुयोनं कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं बाई, तोकिए, मुख्याध्यापकांना शुक्रवारपर्यंत कशाला थांबवतेस? आत्ताच फोन कर. आणि इवाओला बोलाव. पण त्याच्याशी आधी मला बोलू दे, एकच प्रश्न आहे."

इवाओ दारात आला तेव्हा ती त्याला बाजूला घेऊन पुटपुटली, "पूजेच्या दिवशी दरवर्षी तू देवळात नसतोस. साकेचा पेला हातोहात फिरतो म्हणून ना?"

"त्या दिवशी फार जड जातं, मावशी. नाही म्हटलं की चारचौघं आग्रह करतात, देवाचा आहे, घोटभर घे. म्हणून मी खाली शहरात जातो. सोडलेल्या लोकांची बैठक असते, तिथं दिवसभर बसतो. हे गावात सांगायचं म्हणजे..."

"नको सांगूस. फक्त हो म्हण. प्यायचास तेव्हा तुला काही आठवायचं नाही, आणि सोडल्यावर पूजेत काय काय होतं, हे तू बघितलेलंच नाहीस?"

"नाही."

"झालं तर मग."

७

मुख्याध्यापक आले, ओल्या छत्रीसकट बाकाशी टेकले. किनुयो मधोमध उभी राहिली. अशा वेळी तिला थोडी ऐट चढायची, पण आज ती कुणालाही खटकली नाही.

"तोकिएसान, पुन्हा विचारते. तपासणीनंतर ही जोडी दुकानाबाहेर गेली होती का?"

"नाही म्हणजे नाही!"

"नोबुहिको, यंदा डोंगरदेवापुढं कुणाची स्की उभी होती?"

"आमची. यंदा पाळीचा मान आमचा होता ना." नोबुहिको सहज बोलून गेला, मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "पण... पण ती बाहेर नव्हती गेली मावशी! देवळात गेली होती!"

"तेच तर! देवळात जाणं म्हणजे बाहेर जाणं, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गिऱ्हाईक नेतं ते बाहेर. देवाकडे गेलेली वस्तू घरातच असते. तुम्ही दोघांनी शपथा घेतल्यात त्या खऱ्याच होत्या. सकाळी नोबुहिकोनं जोडी नेली, संध्याकाळी आणून जागेवर लावली. पुजाऱ्यांनी तिच्यावर तांदूळ आणि मीठ उधळलं, साके शिंपडली. हे मी या डोळ्यांनी बघितलं, आणि हात जोडून काय मागितलं माहितीये? यंदा कुणाचा गुडघा जाऊ नये!"

मुख्याध्यापकांना हसावं की काय करावं कळेना.

"आणि पूजेतली जोडी बर्फावर पहिली जावी, अशी आपली रीत. म्हणून नोबुहिको, तुझ्या मते ती सगळ्यांत चांगली. म्हणूनच ती सरांना मिळाली, दोन्ही हातांनी. इतक्या जोड्यांत नेमकी बिघडलेली कशी गेली, याचं उत्तर हेच. जिच्यावर तांदूळ पडले तीच पहिली उतरणार होती."

"मग मिस्त्रींना माहीत नव्हतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"गावात हे माहीत नसलेला माणूस तो एकटाच. पूजेला साके फिरते म्हणून तो तिकडं फिरकत नाही. त्यानं तपासलेली जोडी देवळात जाऊन आली, हे कळतं तर त्यानं ती पुन्हा उघडली असती. आपण साकेचा वास घेतला आणि तो प्यायला म्हणालो. तो पीत नाही, म्हणूनच त्याला कळलं नाही."

तोकिए उठली. तिचा चढा आवाज कुठल्या कुठं गेला होता. ती इवाओसमोर जाऊन कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. "इवाओसान, मी... मला माफ करा."

"उठा हो," इवाओ म्हणाला. "चूक कुणाचीच नाही. जोडीचा वास घेतलात, त्याचं काही वाटलं नाही मला. पण तोंड उघडायला लावलंत ना, सगळ्यांदेखत, ते फार लागलं. आता सांगितलं, संपलं."

तोकिए रडू लागली. नोबुहिकोनं घाईघाईनं चहा ओतला आणि निम्मा बशीतच ओतला.

"पुढच्या वर्षीपासून," इवाओ नाक ओढत म्हणाला, "देवाकडून आलेली जोडीसुद्धा आधी माझ्या बाकावर. पाळी कुणाच्याही दुकानाची असो."

"देव रागावणार नाही?" नोबुहिकोनं विचारलं.

"रागावला तर म्हणावं, आधी तांदूळ निवडून घे," किनुयो म्हणाली, आणि मुख्याध्यापक अखेर मोकळेपणानं हसले. शाळेची पोरं मोमोसेंच्याच स्की घालणार, हे त्यांनी निघताना सांगितलं.

८

उतार उघडला त्या दिवशी ऊन पडलं होतं. आसाहिना सर कुबड्या टेकत आले आणि पोरांना दमात घेऊ लागले. "एकेकानं रांगेत! इवाओसान पिळून बघतील, मगच बर्फावर!" पोरं रांगेत एकमेकांना ढकलत होती.

किनुयो कोपऱ्यात चहा घेऊन बसली होती. निघायचं काही कारण नव्हतं, आणि बघायला एक गोष्ट उरली होती.

बसमधून उतरलेली एक तरुण बाई छोट्या मुलाचा हात धरून दुकानाच्या दारात थांबली. इवाओ बाकामागून उठला. हातातला पाना कुठं ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं तो खिशात घातला.

"चिनात्सु."

"बाबा."

ती जवळ आली. जरा जास्तच जवळ आली, आणि मान किंचित पुढं करून थांबली. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर ती हेच करायची. बाबा कसे आहेत हे आधी वासावरून बघायची, मग दप्तर ठेवायची. कोपऱ्यात किनुयोनं चहाचा पेला खाली ठेवला. तोकिएनं मान खाली घातली.

इवाओला कळलं. तो मागं सरकला नाही. या वेळी कुणी सांगायची वाट न बघता त्यानं आपणहून तोंड उघडलं आणि 'हा' केलं.

चिनात्सु गोंधळली, मग तिचे डोळे भरून आले. तिनं हातरुमाल नाकाला लावला.

"शी! नुसता ग्रीसचा वास येतोय तुम्हाला," ती म्हणाली. "संध्याकाळी कुंडावर जाऊन घासून अंघोळ करा. रिकु, आजोबांच्या समोर पाय ठेव, त्यांना तुझं बाइंडिंग बघू दे."